ओम फट स्वाहा

ओम फट स्वाहा : मराठी चित्रपटातील देहांतराचा मंत्र. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात तात्या विंचू हा गुंड ज्या मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बोलक्या बाहुल्यात घालतो, त्याचा हा शेवटचा तुकडा. आधीची अक्षरे बहुतेकांना धड आठवत नाहीत. जो तो आपल्या मनाने काहीतरी पुटपुटतो आणि शेवटच्या तीन शब्दांवर मात्र सगळ्यांचे एकमत होते.

कथा थोडक्यात अशी. तात्या (दिलीप प्रभावळकर) हा बाबा चमत्कार (राघवेंद्र कडकोळ) यांच्याकडून ‘मृत्युंजय मंत्र’ मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरणाच्या दारात पोचल्यावर हाताशी असलेल्या बाहुल्यावर तो मंत्र टाकतो आणि बाहुला होऊन बसतो. बाहुला होणे ही त्याच्या दृष्टीने तात्पुरती सोय. माणसाच्या देहात परतायचे तर ज्याला त्याने आपले गुपित पहिल्यांदा सांगितले, त्याच्याच देहात शिरावे लागणार, आणि तो निघतो लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे). बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटराव या बाहुल्याला ज्या घराने वाढवले, त्याच घरातून तात्याही आला. त्यामुळे तो बघताना भीती आणि हसू एकाच वेळी येते.

मूळ कल्पना अमेरिकी आहे. १९८८ साली आलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या चित्रपटात चकी नावाचा बाहुला असाच जिवंत होतो. तिथला मंत्र हैतीच्या वूडू पंथातला असून त्यात दांबाला या सर्पदैवताचा धावा आहे. मराठीत दांबालाला कोण ओळखणार? कोठाऱ्यांच्या चित्रपटाने तो धावा काढून टाकला आणि त्या जागी प्रत्येक मराठी घराच्या कधी ना कधी कानावरून गेलेले शब्द बसवले. उचलेगिरीचा आळ या चित्रपटावर सहज घेता येतो, पण ही एक अदलाबदल अस्सल कारागिराची आहे.

शब्दांचे घर. ‘स्वाहा’ आहुतीचा, हे होमाच्या धुरात डोळे चोळत बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. ‘फट्’चे तसे नाही. तांत्रिक पूजेतील षडंगन्यासात हृदय, मस्तक, शेंडी, कवच, नेत्र आणि अस्त्र अशी सहा स्थाने येतात आणि त्यांना अनुक्रमे नमः, स्वाहा, वषट्, हुम्, वौषट् आणि फट् हे शब्द जोडलेले असतात. म्हणजे ‘फट्’ हा अस्त्राचा शब्द. या जागी आल्यावर गुरुजी उजवा हात डोक्याभोवती फिरवतात आणि दोन बोटांनी डाव्या तळहातावर टाळी मारतात. शब्दही टाळीसारखाच आहे : फुटतो आणि संपतो. त्याला अर्थ विचारू नये, आवाज ऐकावा. ‘हुं फट् स्वाहा’ असा शेवट अनेक तांत्रिक मंत्रांना असतो. चित्रपटातील मंत्र खरा वाटतो तो या शेपटामुळे. पुढचे धड कोणतेही चालले असते.

‘मृत्युंजय’ हे नाव मात्र उसने आणि काहीसे फसवे आहे. महामृत्युंजय मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला. पिकलेली काकडी देठापासून सुटावी तशी मृत्यूच्या बंधनातून सुटका, एवढेच मागणे त्यात आहे. दुसऱ्याच्या देहाचा ताबा मिळवून देण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पूर्वज. मंत्राने बाहुला उठतो ही गोष्ट मराठी श्रोत्याला १९९३ साली नवी नव्हती. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९) या ओवीबद्ध पोथीत गोरक्षनाथ लहान असतानाचा प्रसंग आहे. मच्छिंद्रनाथांनी दिलेला संजीवनी मंत्र तो घोकत बसलेला असतो. गावची पोरे येतात आणि मातीची गाडी करून दे म्हणतात. गाडी झाली, आता गाडीवान हवा. गोरक्ष चिखल मळून पुतळा करू लागतो. तोंडाने पाठांतर चालूच. पुतळा पुरा होतो आणि हलू लागतो. पोरे ‘भूत, भूत’ ओरडत पळ काढतात आणि खुद्द गोरक्षही घाबरतो. तो पुतळा म्हणजेच गहिनीनाथ. निवृत्तिनाथांचे गुरू आणि त्या नात्याने ज्ञानेश्वरांचे परमगुरू. वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेतला एक दुवा चिखलाच्या खेळातून आणि चुकून पडलेल्या मंत्रातून निघतो, ही गोष्ट पोथी बिनदिक्कत सांगते. पुढे पोथी घरगुती प्रश्नाकडेही वळते : आता या लेकराला वाढवणार कोण? मच्छिंद्रनाथ त्याला एका निपुत्रिक ब्राह्मण दांपत्याच्या ओटीत घालतात.

तात्याचा दुसरा पूर्वज परकायाप्रवेश. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात ही सिद्धी सांगितलेली आहे. शंकराचार्यांच्या चरित्रकथांत आचार्य मृत अमरुक राजाच्या देहात शिरतात आणि त्यांचा मूळ देह शिष्य गुहेत राखत बसतात. ‘भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ प्रयागच्या त्रिविक्रम राजाच्या देहात जातात, राणी रेवतीला सुगावा लागतो आणि ती त्यांच्या मूळ देहाचे तुकडे करवते. या कथांना खरी काळजी आहे ती मागे टाकलेल्या कुडीची. नव्या देहात किती बळ आले यावर त्या फारसे शब्द खर्चत नाहीत. जुनी कुडी कोणी जाळली तर काय, यावर मात्र अध्याय रंगतात. तात्या विंचूचे दुखणे तेच. त्याची कुडी राखायला कोणी शिष्य बसलेला नाही, म्हणून तर लक्ष्याच्या मागे लागणे आले.

इतरत्र. अमेरिकी चित्रकथेत बिली बॅटसन हा पोरगा १९४० पासून ‘शझाम’ म्हणतो आणि वीज कोसळून बलदंड वीर होतो. या इंग्रजी शब्दातले प्रत्येक अक्षर सॉलोमन, हर्क्युलिस, ॲटलास, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी यांच्यापैकी एकाचे. तोच शब्द पुन्हा उच्चारला की पोरगा परत. जपानी ‘कामेन रायडर’ मालिकेने (१९७१) ‘हेनशिन’ म्हणजे नुसते ‘रूपांतर’ हाच शब्द आरोळी म्हणून रुळवला. ही दिव्याच्या बटणासारखी सोय : दाबले की लागला, दाबले की विझला. शिवाय शझामचा शब्द लायक पोरालाच मिळतो. मराठी मंत्राला ही चाळणी नाही. तो गुंडाच्या तोंडी चालतो आणि खेळता खेळता बरळणाऱ्या गोरक्षाच्या तोंडीही चालतो. ‘तिळा तिळा दार उघड’ हे शब्द अरबी कथांतून येऊन मराठीत घरचे झाले, पण त्याने दार बदलते, माणूस नव्हे. म्हणून ते या नोंदीबाहेर.

पुढील वाटचाल. ‘झपाटलेला’चा हिंदी अवतार ‘खिलौना बना खलनायक’ १९९५ मध्ये आला, तर ‘झपाटलेला २’ हा त्रिमितीय चित्रपट २०१३ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, हा निव्वळ योगायोग. कायद्याला धास्ती वाटावी असे या मंत्रात काही उरलेलेही नव्हते. तोवर तो शाळेच्या मधल्या सुट्टीचा झाला होता. आज बिघडलेला पंखा, न उघडणारी बरणी, रुसलेला मोबाइल अशा कशावरही तो टाकला जातो. प्रभावळकरांनी ‘झपाटलेला’च्या आधी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण रंगवली होती. म्हणजे दोन पिढ्यांच्या पोरांना जादूटोण्याची भीती घालणारा नट एकच.

वापराचा नमुना. काशीद (ता. मुरूड, जि. रायगड), मे महिना, भरती लागण्याची वेळ. तिथली वाळू पांढुरकी आणि सुटी. कोरडी असेल तर मुठीत ठरत नाही, म्हणून मुले पाण्याच्या रेषेशी ओल्यात बसतात. सुरूच्या सावलीत मोठी माणसे शहाळी पीत होती. चार भावंडांनी हातभर लांबीचा वाळूचा माणूस निजवला होता. डोळ्यांना शिंपले, केसांना वाळके सुरूचे काटे. मंत्र कोणी म्हणायचा यावर भांडण झाले, मग आधीची अक्षरे कोणती यावर झाले. शेवटी सगळ्यांत धाकट्याने हात पसरून सुरुवातीला वाटेल ते पुटपुटले आणि ‘ओम फट स्वाहा’ खणखणीत म्हटले. वाळूचा माणूस काही हलला नाही. तेव्हा धाकट्यानेच मान एका बाजूला टाकली, डोळे वटारले, गुडघे ताठ केले आणि खट्खट् पावले टाकत बहिणीकडे निघाला. ती किंकाळी फोडून पाण्यात पळाली.