मॉनिटरची कुळकथा

मॉनिटर हे वर्गातल्याच एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे शिक्षकांनी सोपवलेले छोटेसे अधिकारपद. एक तास संपून पुढच्या तासाचे शिक्षक येईपर्यंत वर्ग शांत ठेवायचा, बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, वह्या गोळा करून शिक्षकखोलीत पोचवायच्या, खडू-डस्टर आणायचे, ही त्याची आजची कामे. दोनशे वर्षांपूर्वी हे पद ज्या कामासाठी निघाले ते काम या यादीत नाही. तेव्हाचा मॉनिटर मुलांना शिकवत असे. हे पद इंग्रजांबरोबर इकडे आले हे खरे, पण त्यामागची कल्पना त्यांनी इथूनच उचलली होती.

जुन्या देशी शाळांत इयत्तांच्या भिंती नव्हत्या. देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजींच्या घरी लहानमोठी मुले एकत्र बसत. नवखे पोर धूळपाटीवर अक्षर गिरवी आणि शेजारचा जाणता मुलगा त्याचा हात धरून वळण दाखवी. पाढे म्हणताना एकाने सांगायचे, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे. पंतोजी एकटेच असत आणि प्रत्येक मुलापाशी बसणे त्यांना शक्य नसे. मग आज शिकलेले उद्या दुसऱ्याला सांगायचे, हाच तिथला रिवाज पडला.

या रिवाजाचे एक सुंदर वर्णन पिएत्रो देला व्हाले या इटालियन प्रवाशाने करून ठेवले आहे. 1623 साली तो पोर्तुगीज वकिलासोबत गोव्याहून इक्केरीच्या नायकाकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. एकजण धड्याचा तुकडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने जमिनीवर लिही. बाकीचे तसेच म्हणत, तसेच लिहीत. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. जागा भरली की लिहिलेले पुसायचे आणि नवी वाळू टाकायची. गुरुजी कुठेच नव्हते. विसरलात तर कोण सांगणार, असे त्याने विचारले. चौघेही एकाच वेळी एकच गोष्ट विसरतील असे होत नाही, असे उत्तर मुलांनी दिले. पुढे युरोपात या पद्धतीवर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली, पण तिचे मर्म या मुलांच्या उत्तरात आधीच येऊन गेले होते.

ती युरोपात नेणारा माणूस म्हणजे डॉ. अँड्र्यू बेल. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा हा पाद्री 1787 साली मद्रासला आला आणि दोन वर्षांनी एग्मोर इथल्या लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची हिंदी स्त्रियांपासून झालेली मुले तिथे ठेवलेली असत. शिक्षक थोडे होते आणि जे होते ते कामाला फारसे राजी नव्हते. एकदा एका देशी शाळेवरून जाताना बेलने वाळूत बोटाने लिहिणारी मुले पाहिली आणि परत येऊन आपल्या शिक्षकांना तसेच करायला सांगितले. त्यांनी ते होणार नाही म्हटल्यावर बेलने मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठएक वर्षांच्या मुलाकडे सोपवला. एका साध्या शिपायाच्या या मुलाने तो वर्ग नीट चालवून दाखवला. मग बेलने एकेक वर्ग मुलांच्याच हाती दिला. विलायतेला परतल्यावर 1797 साली त्याने या प्रयोगाची हकिकत छापली आणि तिकडे ‘मद्रास पद्धती’ हे नाव रूढ झाले.

या ऋणाची कबुली सरकारदरबारीही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी 1814 साली बंगाल सरकारला पाठवलेल्या खलित्यात म्हटले आहे की, देशी शिक्षकांची फार पूर्वीपासून चालत आलेली ही रीत डॉ. बेल यांच्याकरवी इंग्लंडमध्ये स्वीकारली गेली आहे.

मॉनिटर घरोघरी पोचवला तो मात्र जोसेफ लँकेस्टरने. क्वेकर पंथाच्या या तरुणाने 1798 साली लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली. हाताखाली पगारी माणसे ठेवायला पैसे नव्हते. त्याने साधारण दहा मुलांमागे एक मॉनिटर नेमला. एक मास्तर शेकडो मुले सांभाळतो, हे पाहायला दुरून माणसे येत. प्रत्येकाला पुस्तक देणे परवडत नसे, म्हणून पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून पुठ्ठ्यावर चिकटवली जात आणि भिंतीवर टांगली जात. समोर मुले अर्धवर्तुळात उभी राहत आणि मॉनिटर काठीने एकेक शब्द दाखवून वाचून घेई. हजेरीला वेगळा मॉनिटर, लेखण्यांना वेगळा, पाट्यांना वेगळा. चांगल्या मुलांच्या गळ्यात चांदीचे पदक असे. शिक्षाही होत्या आणि काही क्रूर होत्या: गुन्हेगार मुलाला टोपलीत बसवून छताला टांगत.

पद्धतीचा जनक कोण, यावरून बेल आणि लँकेस्टर यांच्या अनुयायांत मोठा वाद पेटला. चर्च ऑफ इंग्लंड बेलच्या पाठीशी होते, इतर पंथीय लँकेस्टरच्या. दोन्ही पक्षांनी संस्था काढल्या आणि या चुरशीतून गरिबांच्या शाळा झपाट्याने वाढल्या. लँकेस्टरची पद्धत न्यूयॉर्कपासून काराकासपर्यंत गेली. बेलने ठेवलेल्या पैशांतून सेंट अँड्र्यूजला निघालेली शाळा आजही मद्रास कॉलेज या नावाने चालते.

ही पद्धत परत आपल्याकडे आली ती विलायती नाव घेऊन. 1822 साली मुंबईत हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्या मराठी शाळांसाठी लँकेस्टरची पद्धत योग्य मानली गेली. पंतोजींच्या पडवीतली रीत पंतोजींच्याच मुलखात सुधारणा म्हणून शिकवली गेली, ही इतिहासातली बोचणारी गोष्ट आहे.

मॉनिटरच्या शिकवण्याला मर्यादा होत्याच. त्याला स्वतःला येई तेवढेच तो सांगू शके. घोकंपट्टी वाढे आणि समजावून सांगणे राहून जाई. इंग्लंडमध्ये 1846 पासून किमान तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षे उमेदवारी देऊन शिक्षक बनवण्याची योजना आली. शिकवलेले शिक्षक मिळू लागले तसे मॉनिटरच्या हातून शिकवणे गेले.

रिकामे झालेले पद दुसऱ्या परंपरेने भरले. 1382 साली स्थापन झालेल्या विंचेस्टरच्या शाळेत थोरल्या मुलांनी धाकट्यांवर देखरेख ठेवण्याची चाल होती. रग्बी शाळेचे हेडमास्तर टॉमस अर्नोल्ड यांनी 1828 नंतर वरच्या वर्गातल्या मुलांवर शिस्तीची जबाबदारी टाकून तिला नवे बळ दिले. अशा देखरेख करणाऱ्या थोरल्या मुलांना प्रीफेक्ट किंवा कॅप्टन म्हणत आणि हीच पदे पुढे आपल्याकडच्या इंग्रजी वळणाच्या शाळांत आली. आजच्या मॉनिटरने नाव लँकेस्टरचे घेतले आणि काम प्रीफेक्टचे.

जिल्हा परिषदेच्या ज्या लहान शाळांत दोनच शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, तिथे जुने काम अजून पाहायला मिळते. गुरुजी तिसरीला भागाकार सांगत असतात तेव्हा चौथीतली मुलगी पहिलीच्या पोरांकडून बाराखडी वाचून घेत असते. पट कमी म्हणून अशा शाळा बंद करण्याचा विचार करणाऱ्यांनी तिथे दोन तास बसून मुले एकमेकांना काय शिकवतात ते आधी पाहावे.