कोरेगावच्या धर्मशाळेतील जखमी

कोरेगाव भीमा म्हटले की भीमेकाठचा जयस्तंभ डोळ्यांपुढे उभा राहतो. १ जानेवारी १८१८ रोजी येथे लढलेल्या कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि पुढे हा स्तंभ एका समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान ठरला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; त्यात आम्हांस भर घालावयाची नाही. वाचकांपुढे आम्ही ठेवू इच्छितो तो प्रसंग जखमींचा व दोन डॉक्टरांचा आहे.

३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाले. सोबत आठशेच्या आसपास सैनिक व दोन तोफा होत्या. सकाळी भीमेजवळ येतात तो समोर पेशव्यांची अफाट फौज! त्यांनी कोरेगावात आसरा घेतला. पेशव्यांचे पायदळ, त्यात बरेचसे अरब, गावात शिरले आणि गल्लीबोळांतून दिवसभर झुंज चालली. नदी हाकेच्या अंतरावर असूनही रात्रभर चालून आलेल्या त्या माणसांना पाण्याचा थेंब मिळेना. मग जखमींची अवस्था काय वर्णावी?

हे जखमी एका लहानशा धर्मशाळेत ठेवले होते, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतात. अरबांनी ती धर्मशाळा काबीज केली. सहायक शल्यवैद्य विंगेट त्या जखमींतच होते. ते उठून बाहेर गेले, तोच त्यांना भोसकण्यात आले व त्यांच्या देहाची विटंबना झाली. लेफ्टनंट स्वान्स्टन स्वतः घायाळ होते. लूट निमूटपणे सोसा, असे त्यांनी इतरांस सांगितले. इतक्यात पलटणीचे शिपाई आत घुसले आणि त्यांनी एकाही अरबास जिवंत सोडले नाही. निर्दयता एकाच बाजूची नव्हती, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

दुसरे डॉक्टर वायली. आठ अधिकाऱ्यांपैकी जे तिघे धडधाकट उरले, त्यांत ते एक. या लढाईत डॉक्टरांनीही शिपायांचे नेतृत्व करून संगिनींचे हल्ले चढविले. झुंजच अशी होती की त्यांना आपले वैद्यकीय कर्तव्य करण्यास वावच नव्हता, असा गौरवपूर्ण उल्लेख सरकारी अहवालात आहे. हा गौरव वाचताना आम्हांस खेद वाटतो. वायलींना आम्ही दोष देत नाही. शेजारच्याच सोबत्याला भोसकलेले पाहिल्यावर त्यांनी काय करावयाचे होते? डॉक्टराला हात लावू नये, असा नियमच तेव्हा नव्हता.

तो नियम इटलीतील एका रणभूमीमुळे जन्मास आला. २४ जून १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावच्या चर्चमध्ये दोन्ही बाजूंचे जखमी आणले गेले आणि गावातील स्त्रियांनी भेदभाव न करता त्यांची शुश्रूषा केली. तेथे असलेल्या आंरी द्युनां यांनी १८६२ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. २२ ऑगस्ट १८६४ रोजी जिनीव्हात १२ राष्ट्रांनी करार केला : रुग्णालये व डॉक्टर तटस्थ मानावेत आणि जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची सेवा व्हावी. (संत कामिल्लुस यांच्या संघाचे बंधू १५९५ मध्येच झग्यावर तांबडा क्रूस लावून हंगेरीतील जखमी सैनिकांच्या सेवेस गेले होते, याचे वाचकांस कौतुक वाटेल. रेड क्रॉसचे चिन्ह मात्र त्यावरून आलेले नाही.)

१९४९ च्या जिनीव्हा करारांनी वायलींच्या पेचाचेही उत्तर दिले. स्वतःच्या व रुग्णांच्या रक्षणापुरते शस्त्र डॉक्टराजवळ असू शकते. पण शत्रूवर हल्ला चढविण्यात तो उतरला की संरक्षण गमावतो. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले व १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला.

परंतु नियम मोडला की तक्रार करणारा कोणी हवा. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. रुग्णालयाचे ठिकाण आधीच कळविलेले असूनही रुग्ण, त्यांचे नातलग व कर्मचारी मिळून ४२ जण मृत्युमुखी पडले. डॉक्टर गप्प बसले नाहीत. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणीने निर्माण केलेल्या स्वतंत्र आयोगाकडून चौकशी व्हावी, अशी त्यांनी मागणी केली. ३ मे २०१६ रोजी सुरक्षा परिषदेने युद्धातील वैद्यकीय सेवेच्या रक्षणाचा ठराव संमत केला, तेव्हा या संस्थेच्या अध्यक्षा परिषदेपुढे बोलल्या. विंगेट यांच्यासाठी दाद मागण्यास १८१८ साली असे दारच नव्हते. कुंदूझच्या चौकशीस मात्र अमेरिका व अफगाणिस्तान यांची संमती लागत होती. ती मिळाली नाही.