जॉबर, यंत्र आणि पथकप्रमुख : सोलापूरच्या गिरणी-इतिहासाच्या आधारे एक विचार

१

मालक आणि कामगार यांच्या मध्ये उभा असलेला मनुष्य हा आपल्या औद्योगिक इतिहासातील काहीसा उपेक्षित विषय आहे. गिरणीमालकांची चरित्रे लिहिली गेली, संपांचे इतिहासही लिहिले गेले. परंतु दहावीस माणसांकडून प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या नायकाचा विचार बहुधा ओघाने आणि त्रोटकपणे झालेला आढळतो. आज हा विषय पुन्हा विचारार्थ घेण्यास एक विशेष निमित्त घडले आहे. संगणक-उद्योगात ‘अजाइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यपद्धतीत लहान पथकाचे काम सुरळीत चालावे म्हणून जो पथकप्रमुख नेमलेला असतो, त्याची बरीचशी नित्यकर्मे कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. अशा पथकप्रमुखाचे पुढे काय होणार, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून विचारला जात आहे. सोलापूर सोडून या उद्योगात गेलेल्या आपल्या तरुणांनाही तो अपरिचित नाही.

भविष्य वर्तविणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. तथापि मधल्या नायकाच्या हातून त्याचे काम काढून घेण्याचा एक प्रयोग या शहराने पूर्वी पाहिलेला आहे. त्या प्रयोगाच्या निष्पत्तीवरून आजचा प्रश्न कसा मांडावा एवढे तरी ठरविता येईल, अशा मर्यादित हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

२

सोलापुरात १८७७ साली ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही गिरणी सुरू झाली. पुढे तीच ‘जुनी गिरणी’ या नावाने लोकांच्या तोंडी राहिली. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे ज्या शहरात एकाच भोंग्यावर कामाला निघत, तेथे व्यवस्थापकाचा हुकूम मागापर्यंत पोहोचविण्यास मध्यस्थाची गरज किती असेल, हे सांगणे नलगे. हा मध्यस्थ म्हणजे जॉबर किंवा मुकादम. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे.

१९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर केलेल्या व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातील जॉबरच्या कामाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून त्याच्या अंगी किती भूमिका एकवटल्या होत्या याची कल्पना येते. तो कामगार भरती करी, नव्याला काम शिकवी, यंत्राच्या किरकोळ दुरुस्तीकडे पाही, रजेची विनंती वर पोहोचवी आणि वरचा हुकूम खाली सांगे. नोकरी देणे-घेणे त्याच्या शब्दावर अवलंबून असल्यामुळे कामगाराला त्याला दस्तुरी द्यावी लागे. आयोगाने या लाचखोरीवर कठोर टीका केली आणि भरती व बडतर्फी यांचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ साली आणि राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. चंदावरकरांच्या विवेचनावरून असे दिसते की, जॉबरची सत्ता केवळ गिरणीच्या फाटकाआत निर्माण होत नसे. वस्तीतील नातेसंबंध, उधारीची सोय, अडीअडचणीत दिलेला शब्द यांवरही ती उभी होती, आणि म्हणूनच ती निरंकुश नव्हती. कामगारांचा विश्वास गमावलेल्या जॉबरला खाते चालविणे कठीण जाई. त्यामुळे संपाच्या वेळी काही जॉबर मालकाच्या बाजूला, तर काही कामगारांच्या बाजूला दिसतात.

३

आयोगाच्या अहवालानंतर जॉबरच्या हातून एकेक काम सुटू लागले. १९३४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात सरकारी कामगार अधिकारी आला. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. १९३७ साली जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली कापडगिरणी कामगार चौकशी समिती नेमली गेली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सभासद होते. सोलापूरच्या गिरण्याही तिच्या कक्षेत होत्या. १९५० च्या सुमारास मुंबई, अहमदाबाद व सोलापूर येथे बदली कामगारांची नोंदणी करून त्यांना क्रमाने काम देण्याची योजना अमलात आली. भरतीतील जॉबरचे वर्चस्व मोडावे हा तिचा एक प्रकट हेतू होता.

या सुधारणांमुळे कामगाराचे हित झाले, यांत शंका नाही. ज्याला पूर्वी रोज सकाळी जॉबरची मर्जी सांभाळावी लागे, त्याच्या हाती आता क्रमांकाचे कार्ड आले. परंतु जॉबरच्या हातून सुटलेला अधिकार कोणाकडे गेला, हे पाहिले म्हणजे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. त्याचा काही अंश कायद्याकडे आणि संघटनेकडे गेला. मोठा अंश मात्र गिरणीच्या कचेरीकडे गेला. कोण हजर आहे, कोणता माग किती वेळ बंद राहिला, कोणाचे कापड नापास झाले, ही पूर्वी जॉबरच्या डोक्यात असलेली माहिती नोंदवहीत उतरली. नोंदवहीला लाच देता येत नाही, हा तिचा गुण. घरात आजारपण असलेल्या विणकराची अडचणही तिला कळत नाही, ही तिची मर्यादा.

शिवाय गिरणीचे भवितव्य ठरविणारे निर्णय या नोंदवहीच्या फार वर होत असत. १९४९ साली जुनी गिरणी बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला तो व्यवस्थापनाच्या गैरकारभाराचे कारण देऊन. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यावरील १९५० व १९५३ चे निवाडे आजही घटनाशास्त्राच्या अभ्यासकांना वाचावे लागतात. खालच्या नोंदी चोख होत गेल्या, तरी वरच्या निर्णयाची जबाबदारी आपोआप चोख होत नाही, एवढे यावरून म्हणता येते.

४

येथून संगणकाकडे वळणे वरकरणी लांबचे वाटेल. पण मागापासून संगणकापर्यंतची वाट इतिहासाने स्वतःच घालून दिलेली आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्डच्या छिद्रपत्रांच्या साहाय्याने विणली जात आली, त्याच छिद्रपत्रांची कल्पना चार्ल्स बॅबेज याने एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली होती. दुसरी वाट जपानमधून येते आणि ती आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. साकिची टोयोडा याने धागा तुटताच आपोआप थांबणारे माग तयार केले. १९२४ साली पूर्ण झालेला त्याचा स्वयंचलित माग इतका सरस ठरला की, १९२९ साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या प्रख्यात कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. माग स्वतः थांबत असल्यामुळे एक विणकर अनेक मागांवर लक्ष ठेवू शकला. थांबलेल्या मागापाशी जाऊन तो का थांबला याचा शोध घेणे, हे मात्र माणसाचेच काम राहिले. टोयोडाच्या कापडगिरणीत १९३२ साली नोकरीस लागलेल्या ताइची ओहनो याने हेच तत्त्व पुढे मोटार कारखान्यात रुजविले.

जपानी उद्योगांतील अशा पथकांच्या अभ्यासावरून हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली एक लेख लिहिला. त्यातील ‘स्क्रम’ ही रग्बी खेळातील उपमा घेऊन जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी १९९५ साली संगणक-प्रणाली रचण्याची आपली पद्धत मांडली. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी एकत्र येऊन ‘अजाइल’चा जाहीरनामा तयार केला. या पद्धतीत ‘स्क्रम-मास्टर’ हा हुकूम सोडणारा अधिकारी नसतो. पथकाने आपले काम आपण ठरवावे आणि त्याने मार्गातील अडथळे दूर करावेत, अशी मूळ कल्पना आहे. जॉबरशी त्याची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये : जॉबरपाशी भाकरी देण्या-घेण्याची सत्ता होती, याच्यापाशी ती तत्त्वतः नाही.

५

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि त्यानंतर बैठकीचे टिपण करणे, कामांची यादी लावणे, कोणते काम रखडले याचा गोषवारा देणे, किती दिवस लागतील याचा अंदाज बांधणे ही कामे यंत्राकडून करवून घेतली जाऊ लागली. जॉबरची माहिती नोंदवहीत गेली तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक पद यंत्रामुळेच जाते, असे मात्र समजू नये. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने अजाइल वर्गातील सुमारे ११०० पदे रद्द केली, ती हे काम अभियंत्यांच्याच कामात सामावून घेण्याचे कारण देऊन. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कारण तिने दिले नव्हते.

पथकप्रमुख राहणार की जाणार, एवढ्याच प्रश्नावर चर्चा थांबली तर ती अपुरी ठरेल, असे सोलापूरच्या अनुभवावरून म्हणावेसे वाटते. त्याच्याजवळची माहिती कोणाच्या स्वाधीन होते, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. अजाइल पद्धतीतील कामाचा फलक पथकाने स्वतःसाठी लावलेला असतो. तोच यंत्राने वाचून वरिष्ठांना रोज सादर केला, तर तो फलक न राहता हजेरीपट होतो. मग अडचण मोकळेपणाने सांगणारा अभियंता ती लपवू लागेल. अडथळे दूर करणारा माणूस आणि माणसांवर देखरेख करणारे यंत्र ही दोन निराळी कामे आहेत. पहिले दुसऱ्याच्या पोटात गेले, तर कोणत्याही सोयीने ती हानी भरून येणार नाही.

दुसरा प्रश्न थांबण्याचा आहे. टोयोडाचा माग धागा तुटला की थांबे. आजचे भाषायंत्र असे थांबेलच याची शाश्वती नाही. माहितीचा धागा तुटला तरी ते त्याच सफाईने पुढचे वाक्य विणते, आणि चुकीचा अंदाजही अचूक अंदाजासारखाच नीटनेटका दिसतो. म्हणून ‘येथे थांबा, हे पुन्हा तपासा’ असे म्हणण्याचा अधिकार पथकात कोणा तरी माणसाकडे असला पाहिजे, आणि त्या निर्णयाबद्दल जाब देण्याची तयारीही त्याच्याकडे असली पाहिजे. पथकप्रमुखाच्या कामाचा हा अंश यंत्र आल्यामुळे वाढला आहे, असे माझे मत आहे.

जॉबरची व्यवस्था परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ती मोडताना तिच्यातील लाचेबरोबर माणसाची ओळखही कचेरीबाहेर गेली, आणि त्या वेळी या हानीची नोंद कोणी ठेवली नाही. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या आज बंद आहेत. त्यांत काम केलेली वृद्ध मंडळी शहरात अद्याप आहेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या गाडगीळांच्या सोलापूर शहराच्या अभ्यासाला पूरक म्हणून या मंडळींच्या मुलाखती घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. जॉबरकडून काय गेले आणि ते कोणाला मिळाले, हे त्यांच्या तोंडून ऐकलेले उत्तर संगणक-पथकात बसलेल्या त्यांच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल.