जादूचा जमाखर्च

लहान मुलाला गोष्ट सांगणे हे वाटते तितके सोपे काम नाही. उडती सतरंजी, बोलका पोपट, सात समुद्रांपलीकडचा राक्षस, हे सारे ते बिनतक्रार मान्य करते. पण गोष्ट ऐन रंगात आली असता मध्येच विचारते, "त्याच्याजवळ उडती सतरंजी होती ना? मग तो चालत का गेला?" सांगणाऱ्याची त्रेधा उडते. जादू खोटी आहे अशी मुलाची तक्रार नसतेच. आपण आपलाच शब्द मोडला, ही त्याची तक्रार असते.

आपल्या प्राचीन कवींना हे मर्म पुरते ठाऊक होते. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राने कर्णाला शक्ती दिली. ती अमोघ खरी, पण एकदाच सोडता येणारी. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली. पुढे रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली आणि ती त्याच्यावर खर्च करावी लागली. पांडव शोक करीत होते, कृष्ण मात्र आनंदला. कारण हिशेब त्याला कळला होता. ती 'एकदाच'ची अट काढून टाका, म्हणजे कर्णाच्या कथेतला सारा चटका निघून जातो.

युरोपात या प्रश्नाचा विचार शास्त्रासारखा मांडला तो टोल्कीन या प्राध्यापकाने. 1939 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर त्याने व्याख्यान दिले. त्याचे म्हणणे असे, की हिरवा सूर्य आहे असे कोणीही म्हणू शकेल. पण ज्या जगात तो सूर्य खरा वाटेल ते जग उभे करायला श्रम पडतात. त्या जगाचे नियम लेखकाने पाळले तर वाचक आत राहतो. एकदा का अविश्वास शिरला, की जादू संपली.

1950 साली जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाचे 'द डाइंग अर्थ' हे पुस्तक निघाले. त्यातला सूर्य विझत आला आहे आणि जुन्या विद्येतले मोजकेच मंत्र शिल्लक उरले आहेत. मंत्र इतका जड, की जादूगाराच्या डोक्यात एका वेळी चारसहाच मावायचे; आणि उच्चारला की तो स्मरणातून पुसला जायचा. पुन्हा पोथी उघडून पाठ केल्यावाचून गती नाही. मॅझिरियन नावाचा जादूगार पाच मंत्र घेऊन एका तरुणीच्या पाठलागावर निघतो. वाटेत एकेक संकट, एकेक मंत्र खर्च. अखेर तो रिकाम्या हाताने उभा राहतो आणि रानातली झाडे त्याला झोडपून मारतात. वाचक मनात मोजत असतो, म्हणूनच त्याचा श्वास कोंडतो.

हा जमाखर्च पुढे एका खेळात उतरला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहत असे. विम्याची नोकरी सुटल्यावर घरी जोडे दुरुस्त करून तो संसार चालवी आणि उरल्या वेळात युद्धाचे खेळ रची. डेव्ह आर्नेसन या सहकाऱ्याबरोबर त्याने 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या खेपेस हजार प्रती, एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका. एकाने गोष्ट सांगायची, इतरांनी एकेक पात्र व्हायचे आणि शंकेच्या जागी फासे टाकायचे, असा तो खेळ.

इथे मोठीच अडचण होती. पुस्तकातला जादूगार लेखकाच्या मुठीत असतो; खेळातला परक्याच्या. पाच चतुर माणसे टेबलाभोवती बसली, की नियमातले प्रत्येक भोक शोधून काढतात. जादूगार मन मानेल तसे मंत्र फेकू लागला, तर तलवारबहाद्दराने काय करावे? गायगॅक्सने व्हान्सची युक्ती घेतली आणि 1976 च्या लेखात ते ऋण उघडपणे मान्य केले. नवख्या जादूगाराला एकच मंत्र. तो आता वापरावा की पुढच्या दारासाठी राखावा? कर्णाला पडलेला पेच टेबलावरच्या पोराला पडला!

अर्थात नुसत्या मोजणीने जादूला शिधापत्रिकेची कळा येते, असे खेळणारेच कुरकुरू लागले. 2014 च्या आवृत्तीत किरकोळ मंत्र हवे तितक्या वेळा म्हणण्याची मुभा मिळाली; मोठे मंत्र मात्र मोजलेलेच राहिले. अर्सुला ले ग्विन या लेखिकेने 1968 च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत वेगळी अट घातली होती. वस्तूचे खरे नाव कळल्याखेरीज तिच्यावर सत्ता चालत नाही, आणि एक गोष्ट बदलली की साऱ्या जगाचा तोल हलतो. गर्वाने मंत्र म्हणणारा तिचा तरुण नायक स्वतःच एक काळी छाया जगात सोडतो आणि तिच्यापायी जिवाला मुकता मुकता वाचतो. इथे किंमत आकड्यात नाही. माणसाच्या अंगावर उमटलेली आहे.

तेव्हा या दिवाळीत फराळ आटोपल्यावर नातवंडे भोवती जमली आणि गोष्टीचा आग्रह झाला, तर सतरंजी खुशाल उडवा. फक्त ती किती वेळा उडते, आणि उडवणाऱ्याचे त्यात काय जाते, एवढे आधी सांगून ठेवा. आणि दिलेला शब्द पाळा. समोरचे पोर सगळे लक्षात ठेवून बसलेले असते.