शुल्क भरले, पण मालकी?

बुधवार पेठेत जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत घर घेतले, की माणूस सुटकेचा श्वास टाकतो: "स्टँप ड्यूटी भरली, रजिस्ट्रेशन झालं, आता घर पक्कं माझं." हा समज सुशिक्षितांतही घट्ट रुजला आहे आणि तो घातक आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. पुणे शहरात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून पुरुष खरेदीदाराला 7 टक्के द्यावे लागतात, महिलेला 6. म्हणजे 80 लाखांच्या सदनिकेवर पुरुषाचे 5 लाख 60 हजार. एवढे घेणारे सरकार व्यवहाराला जामीन राहत असणारच, असे कोणालाही वाटेल. कायदाही तिकडेच झुकलेला दिसतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार 100 रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही असे बजावले. शिवाय नोंदलेला दस्त रीतसर करून दिला आहे, असे न्यायालय गृहीत धरते.

यातले प्रत्येक विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

मुद्रांक शुल्क जन्मले ते 1624 मध्ये हॉलंडात, तिजोरीसाठी. इंग्लंडने ते 1694 मध्ये उचलले, फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी. त्यात घेणाऱ्याच्या रक्षणाचा हेतू कुठे आहे? आपला 1958 चा मुद्रांक अधिनियमही दस्तावर कर लावतो, विकणाऱ्याच्या हक्काची पारख करत नाही. शुल्क न भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, एवढे त्याचे बळ. पुरावा दाखल होणे आणि दावा जिंकणे एकच आहे काय?

राहिली नोंदणी. तिचे शुल्क वेगळे, 1 टक्का आणि फार तर 30 हजार. दुय्यम निबंधक पाहतो ते सही करणारा तोच माणूस आहे का, त्याला दस्त मान्य आहे का, शुल्क पुरेसे आहे का. घर खरोखर त्याचे आहे का, हे ठरवणे त्याचे काम नव्हे. एप्रिल 2025 मध्ये के. गोपी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आणि मालकीचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारू देणारा तमिळनाडूचा नियम रद्द केला. न्यायालय गृहीत धरते तेही दस्त केल्यापुरतेच. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल नव्हे.

बुधवारातल्या कोतवाल चावडीचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पेशवाईत जमिनींच्या खरेदी-विक्रीवर देखरेख हे कोतवालाचे एक काम होते. सौद्यावर सरकारची नजर असणे ही इथली जुनी रीत. पण नजर ठेवणारा हमीदार होत नाही.

आता पेठेतलाच वाडा घ्या. वडिलोपार्जित, वाटणी न झालेला. दोन भाऊ, एक बहीण. दोघा भावांनीच खरेदीखत करून दिले, घेणाऱ्याने पै न पै शुल्क भरले. बहिणीचा हिस्सा गेला का? नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने त्यावरचा संशय मिटवला. जे भावांचे नव्हते ते त्यांनी दिले कसे? खालच्या मजल्यावर जुना पागडीचा भाडेकरू असेल, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे त्याचे संरक्षण मालक बदलल्याने संपत नाही.

आणि ज्या नोंदणीवर आपण विसंबतो तीच आपल्यावर उलटते. आधीचा नोंदलेला दस्त तुम्हाला ठाऊक होता, असेच कायदा मानतो. शोध घेतला नाही ही सबब तिथे चालत नाही. मग घर सुरक्षित कोणी ठेवायचे?

कोणी म्हणेल, मग शुल्क भरायचेच कशाला? भरलेच पाहिजे. पूर्ण किमतीवर, वेळेत. त्यावाचून तुमचा खरा हक्कही न्यायालयात उभा राहणार नाही. माझा वाद शुल्काशी नाही, त्यावर टाकलेल्या आंधळ्या विश्वासाशी आहे.

म्हणून वाचकाला विनंती: चलन भरण्याआधी वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या, मिळकत पत्रिका वाचा, आणि विकणाऱ्याच्या बहिणींची नावे विचारा.