पार्सल कंपनीत ड्रायव्हर व्हायचंय? आधी हे तपासा

भिवंडीच्या गोदामांतून पार्सलच्या गाड्या रात्रंदिवस सुटतात, ड्रायव्हर लागतातच. मात्र भरती बऱ्याचदा कंपनी नाही, गाड्या पुरवणारा ठेकेदार करतो. म्हणून गेटवर बोर्ड कुणाचा, यापेक्षा पगार कुणाच्या खात्यातून येणार ते विचारा. पीएफ कापणार असतील तर यूएएन नंबर मागून घ्या.

लायसन्सबाबत अजून गोंधळ आहे. एलएमव्ही, म्हणजे साधं कारचं लायसन्स असेल तर मालासह एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीची गरज नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं. (ज्वालाग्राही, धोकादायक मालाचे नियम वेगळे.) तेव्हा छोट्या टेम्पोसाठी ‘शिक्का मारून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे कशाला? वय मात्र २० पूर्ण हवं. कारचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं, मालवाहू गाडी तेव्हा चालवता येत नाही.

आपल्याकडे खरी अडचण नावाची. आधारवर ‘मोहम्मद’, लायसन्सवर ‘मो.’, पॅनवर आडनावच नाही! पडताळणी इथेच अडकते. अर्ज करण्याआधी तिन्ही सारखे करून घ्या. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

मूळ लायसन्स कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. ‘डिपॉझिट’ मागितलं तर सरळ उठून या.

जुम्याच्या नमाजचं रुजू होण्याआधीच सुपरवायझरशी बोला. रूट ठरतानाच थांबा घेता येतो, नंतर वाद होतो.