आधी माणसाची माफी

अंधेरीच्या सीप्झमध्ये कंपन्यांच्या इमारतींच्या गराड्यात सेंट जॉन द बॅप्टिस्टचं १५७९ चं पडकं चर्च आहे. याच योहानाने येशूला 'देवाचा कोकरा' म्हटलं. कोकरा म्हणजे बळीचा. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे क्रुसावर शेवटचा बळी गेला, आता दुसरा नको. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तेव्हा यहुद्यांचेही बळी थांबले. त्यांची जागा प्रार्थना, दान आणि पश्चात्तापाने घेतली. आपले मराठी बोलणारे बेने इस्रायलही योम किप्पूरला कडक उपास करतात. पण माणसाचा अपराध नुसत्या उपासाने फिटत नाही, आधी त्याची समजूत काढा, असं मिश्ना सांगते. येशूही म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेवा, आधी भावाशी समेट करा. मला वाटतं, बोकड कापणं त्यामानाने सोपंच!